विहिरीचे पाणी कोणाचे?

शनिशिंगणापूर हे घरांस कवाडे नसलेले गाव म्हणून सर्वत्र प्रसिद्ध आहे. श्रीशनैश्वराची शिळा पानसनाल्याच्या पुरात वाहून आली, अशी येथील श्रद्धा आहे. यात्रेकरू येतो तो शिळेचे दर्शन घेतो आणि बिनकवाडाची घरे पाहून नवल करीत परत जातो. आमचा जन्म महसूल खात्यातील कारकुनीत गेल्यामुळे आमची नजर मात्र दुसऱ्याच एका बिनकवाडाच्या कोठारावर जाते. ते कोठार म्हणजे आपल्या शिवाराखालचे पाणी. घरास कवाड नसता शेजाऱ्याच्या धान्यास कोणी हात लावीत नाही, कारण ते त्याचे आहे हे सर्वांस मान्य असते. जमिनीखालच्या पाण्यात शेजाऱ्याचाही वाटा आहे, ही गोष्ट मात्र अद्याप आपल्या गळी उतरलेली नाही. या लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

कायद्याची दोन तोंडे

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० अन्वये नद्या, ओढे, नाले, तलाव व त्यांतील साचलेले आणि वाहते पाणी ही सरकारची मालमत्ता होय. उलटपक्षी १८८२ च्या इझमेंट अ‍ॅक्टाप्रमाणे, ठरावीक प्रवाहाने न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करून वापरण्याचा हक्क जमीनमालकास आहे. म्हणजे पावसाचा थेंब नाल्यात असेतो सरकारचा. तोच बांधाच्या आत मुरला, की शेतमालकाचा! थेंब मात्र हा भेद जाणत नाही. तो एकाच्या शेतात मुरतो, दुसऱ्याच्या विहिरीत झिरपतो आणि तिसऱ्याच्या शेताखालून पुन्हा नाल्यास मिळतो. आम्ही जमिनीचा गुंठा न् गुंठा कागदावर मांडला, वाटण्या केल्या, हद्दी कायम केल्या. त्याच जमिनीच्या पोटातील पाण्याचे खाते मात्र कधी उघडलेच नाही.

भूमीची तिजोरी

आपल्या प्रांताचा पाया काळ्या पाषाणाचा आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या अथवा भेगाळ खडक आणि सर्वांत खाली अखंड पाषाण, असा साधारण क्रम असतो. पाणी साठते ते मुख्यत्वे मुरुमात व भेगांत. आपल्या वाडवडिलांची ४०-५० फुटांची विहीर याच थरातील पाणी घेत असे. विंधण विहीर, जिला आपण बोअर म्हणतो, ती याच्या खाली जाऊन पाषाणातील फटी गाठते. या फटींत पाणी असते ते थोडे, आणि तेही बहुधा वरच्या मुरुमातूनच पाझरलेले. सबब ३०० फूट खोल गेलेल्याने नवे पाणी शोधले असे होत नाही. पुष्कळदा तो शेजाऱ्याच्या विहिरीचेच पाणी खालच्या अंगाने ओढून घेत असतो. एकाची बोअर लागली, की चार विहिरींचा तळ दिसू लागतो, याचे कारण हेच.

एका एकराचा हिशोब

एका एकरावर एक इंच पाऊस पडला, म्हणजे सुमारे १ लाख लिटर पाणी पडले. वर्षाचा पाऊस २० इंच धरला, तर एकरी २० लाख लिटर झाले. यांतील मोठा भाग उन्हाने व पिकांनी उडून जातो, काही नाल्याने वाहून जातो. काळ्या पाषाणाच्या मुलखात खोल मुरणारा हिस्सा साधारण दशांशाच्या आसपास असतो. म्हणजे एकरी मुरवण २ लाख लिटर.

आता खर्चाची बाजू पाहू. सऱ्यांतून मोकळे पाणी देऊन वाढविलेल्या ऊसास हंगामात ८० इंचांच्या आसपास पाणी लागते. पावसाचे सर्व २० इंच त्याच्या खाती जमा धरले, तरी उरलेले ६० इंच, म्हणजे ६० लाख लिटर, उपसून द्यावे लागते. अर्थात विहिरीवरील एक एकर ऊस तीस एकरांची मुरवण पितो. रब्बी ज्वारीस तीन-तीन इंचांच्या दोन पाळ्या दिल्या, तर ६ लाख लिटर लागतात, म्हणजे तीन एकरांची मुरवण. दिलेल्या पाण्यातील काही भाग पुन्हा जमिनीत उतरतो हे खरे. पण त्याने या दोन आकड्यांतील अंतर मिटत नाही.

ठिबकाने पाणी वाचते, हेही खरे. परंतु वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर बचत मालकाची झाली, भूमीची नव्हे.

आमच्या हातची एक टिपणी

कायदे झाले नाहीत असे नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेऊ नये, असा निर्बंध १९९३ च्या कायद्याने घातला. पुढे २००९ चा भूजल अधिनियम झाला व तो २०१४ साली अमलात आला. विहिरींची नोंदणी, पाणलोटवार समित्या आणि शेतीसाठी व उद्योगासाठी ६० मीटरांहून खोल विहिरीस मनाई, अशी कलमे त्यात आहेत.

पण कायदा कसा चालतो ते आम्ही जवळून पाहिले आहे. एका गावच्या पिण्याच्या विहिरीपासून ३०० फुटांवर एकाने बोअर घेतली. माघात विहीर आटली. गावकऱ्यांनी अर्ज केला. अर्जावर तलाठ्याचा अहवाल मागविला, मग भूजल तज्ज्ञांचा अभिप्राय, मग नोटीस, मग म्हणणे, मग मुदत. बायामाणसे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. कागद पुरे झाले तो मृगाचा पाऊस आला व विहिरीत पाणी चढले. ‘आता तक्रारीचे कारण उरले नाही, दप्तरी दाखल,’ ही टिपणी आमच्याच हस्ताक्षरात आहे. तिची आम्हास आजही लाज वाटते. अर्जावर पहिली सही करणाऱ्या गृहस्थांनी पुढल्या वर्षी स्वतःच बोअर घेतली. ते दुष्ट नव्हते. इतर सर्व घेत असता आपणच का थांबावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. याचे उत्तर कचेरी देऊ शकत नाही. ते गावानेच दिले पाहिजे.

ज्यांनी उत्तर दिले

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या मानाने न देता माणशी अर्ध्या एकरास, व कुटुंबास फार तर अडीच एकरांस द्यावयाचे. ऊस लावावयाचा नाही. भूमिहीनासही पाण्यात वाटा. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी सोसावयाचा, असे तिचे नियम होते.

आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी येथे १९७५ पासून अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने नालाबांध व पाझर तलावांची कामे झाली. हिवरेबाजार येथे १९८९-९० पासून सरपंच पोपटराव पवार यांच्या काळात डोंगरमाथ्यावर समतल चर खोदले गेले; चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली गेली. पण चर व बांध पुष्कळ गावांत झाले. हिवरेबाजारचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी आलेले पाणी उधळू दिले नाही. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही, हे गावाने ठरविले. पावसाळा संपताच पडलेला पाऊस व विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत ताळेबंद मांडावयाचा. माणसांचे व जनावरांचे पाणी आधी बाजूस काढावयाचे. उरेल त्यावर रब्बीचे पीक ठरवावयाचे. बांध ही जमेची बाजू होय, नियम ही खर्चाची. जी गावे बांध घालून थांबली, त्यांनी अर्धेच खाते लिहिले.

कालव्याचा भरवसा

‘आपल्या नेवासे तालुक्यास मुळेचा उजवा कालवा आहे, आपणास काय भीती?’ असे कोणी म्हणेल. परंतु मुळेचे धरण २६ अब्ज घनफुटांचे, तर खालचे जायकवाडी १०२ अब्ज घनफुटांचे. पाणलोटातील तूट वरच्या व खालच्या भागांनी सारखी सोसावी, हे तत्त्व २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने घातले. २०१४ च्या प्राधिकरणाच्या आदेशाने जायकवाडीत पुरेसा साठा नसल्यास वरून पाणी सोडण्याची रीत ठरली. पाणी सुटते तेव्हा आपण रस्त्यावर उतरतो. पण पाणलोटाच्या दृष्टीने पैठणचा शेतकरी आपला खालचा शेजारी आहे. वरच्या शेजाऱ्याने बोअर घेतली असता आपण जे म्हणतो, तेच तो म्हणत आहे. कालव्याच्या पाळ्या घटल्या, की आधार विहिरीचाच; म्हणून लाभक्षेत्रानेही भूजलाचा हिशोब ठेवणे अगत्याचे आहे.

काय करावे?

१. गावात पर्जन्यमापक ठेवावा. चार दिशांच्या चार विहिरी निवडून दर महिन्यास पाण्याची पातळी मोजावी व ती चावडीवर लिहावी. दोरी आणि फूटपट्टी एवढेच साधन त्यास पुरे.

२. दसरा-दिवाळीच्या सुमारास ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मगच रब्बीचे व ऊसाचे क्षेत्र ठरवावे.

३. कामे माथ्यापासून पायथ्याकडे यावीत. वर चर व गवत नसता खाली बांध घातला, तर तो गाळानेच भरतो.

४. २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याच्या हाती आली आहे. पूर्वी पाहणी आम्ही लिहीत असू व चुकीचा दोष आम्हास येत असे. आता पीक आणि पाण्याचे साधन आपणच नोंदवावयाचे आहे. बोअर असता ती लपवू नये. खोट्या नोंदीवर खरा ताळेबंद होणार नाही.

५. सरकारकडे मागणे एकच असावे: ग्रामसभेने ठरविलेल्या नियमास कायद्याचे बळ द्यावे आणि नियम मोडल्याची तक्रार पावसाळ्यापूर्वी निकाली काढावी.

हे नियम पाळण्यास पहारेकरी कोठून आणावा, असे विचारले जाते. दाराला कवाड नसलेल्या गावापाशी तरी हा प्रश्न निघू नये. तेथे राखण करते ती लोकांची मान्यता. तीच मान्यता विहिरीच्या काठापर्यंत न्यावयाची आहे. त्यासाठी आधी प्रत्येकाने आपल्या मोटारीची कळ दाबण्यापूर्वी हे पाणी किती जणांचे आहे, एवढा विचार मनात आणला, तरी आरंभ झाला असे आम्ही समजू.