शिंद्यांच्या छावणीतला इंग्रजीचा मास्तर

उत्तर हिंदुस्थानातून येऊन राहिलेल्या माणसाला आपल्याकडे पूर्वी ‘परदेशी’ म्हणत. पुढे कित्येक घराण्यांचे ते आडनावच होऊन बसले. लहानपणी मला या शब्दाचे मोठे नवल वाटे. परदेशी म्हणजे विमानातून येणारा गोरा साहेब, अशी माझी समजूत! मी स्वतः परदेशी झालो, तेव्हा कोठे या शब्दाचा खरा अर्थ कळला. त्यासाठी मला विमानात बसावे लागले नाही. बेळगावला गोवा एक्सप्रेसमध्ये बसलो आणि पुणे, भुसावळ, भोपाळ, झाशी करीत दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरला उतरलो. तेथे मला सगळे ‘दक्षिणी’ म्हणू लागले.

जाण्याचे कारण घरगुती होते. मी पी. यू. सी. झालो त्याच उन्हाळ्यात आमचे आतोबा वारले. आत्या ग्वाल्हेरला एकटी पडली. वडील म्हणाले, “वर्षभर तिच्याजवळ राहा. तिथेच टॅलीचा कोर्स कर. बी. कॉम. काही पळून जात नाही.” त्या वर्षात मी विद्यार्थी होतो आणि, कोणाला खरे वाटणार नाही, इंग्रजीचा मास्तरही होतो. परमुलखात जाऊन राहणे, शिकणे आणि शिकवणे म्हणजे नेमके काय, हे त्या अनुभवावरून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आत्याचे घर ‘शिंदे की छावनी’ या वस्तीत आहे. रोजच्या बोलण्यात हे नाव इतके गुळगुळीत झाले आहे की त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही. ग्वाल्हेर म्हणजे खरे पाहता तीन गावे : किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, मुरार आणि लष्कर. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला आपल्या फौजेचा तळ टाकला. तंबूंच्या जागी वाडे उठले, बाजार भरले आणि तळाचे शहर झाले. म्हणून त्या भागाचे नाव लष्कर. तिथल्याच एका वस्तीला कंपू म्हणतात. तो आपला ‘कँप’च. फाळक्यांच्या नावाचा फालका बाजार आहे, पाटणकरांच्या नावाचा पाटणकर बाजार आहे. शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. म्हणजे लष्कर, कंपू, छावणी या सगळ्या नावांचा अर्थ एकच : चार दिवसांच्या मुक्कामाला आलेली माणसे येथे कायमची राहिली.

छावणीतली मुले मात्र वेगळीच गोष्ट अभिमानाने सांगतात. अटलबिहारी वाजपेयींचा जन्म 25 डिसेंबर 1924 रोजी याच वस्तीत झाला. त्यांचे घराणे मूळचे आग्र्याकडच्या बटेश्वरचे आणि वडील कृष्णबिहारी पेशाने शिक्षक. म्हणजे तेही बाहेरून येऊन स्थिरावलेल्या मास्तराचेच घर.

आपल्या भागातून ग्वाल्हेरला शिकायला जाणारा मी काही पहिला नव्हे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तेथे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे गाण्याची तालीम घेतली आणि ग्वाल्हेरची गायकी आपल्या मुलखात आणली. मिरजेला त्यांच्याकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. बुवांनी गाणे आणले. मी काय आणले ते शेवटी सांगतो.

पहिला महिना भाषेने खाल्ला. हिंदी आपल्याला येते, असा प्रत्येक मराठी माणसाचा गोड गैरसमज असतो. लिपी एक, निम्मे शब्द सारखे, मग अडचण कसली? खरी मेख त्या सारख्या शब्दांतच आहे. आपली ‘शिक्षा’ छडीची असते, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपली ‘चेष्टा’ थट्टा, त्यांची चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपला ‘संसार’ चूल आणि मूल, त्यांचा संसार म्हणजे सारे जग. बसमध्ये कोणी “खाली है” म्हणाला की मी वाकून खाली पाहत असे. त्याला म्हणायचे असे की जागा रिकामी आहे. शेजारच्या मोठ्या मुलीला मी मराठी सवयीने ‘ताई’ म्हटले, तर घरभर हशा झाला. तिकडे ताई म्हणजे थोरल्या चुलत्याची बायको!

याहून अवघड प्रकरण मानापमानाचे. मराठीत आपण आईला ‘तू’ म्हणतो आणि वडिलांना ‘तुम्ही’. आदर म्हटला की ‘तुम्ही’ पुरेसे होते. म्हणून ‘तुम्ही’ म्हणजे ‘तुम’ असे धरून मी एका वयस्क गृहस्थांना “तुम बैठो” म्हणालो. ते बसले नाहीत. नुसते माझ्याकडे पाहत राहिले. हिंदीत तू, तुम आणि आप अशा तीन पायऱ्या आहेत आणि वडीलधाऱ्यांसाठी ‘आप’शिवाय गत्यंतर नाही. कन्नडात ‘नीनु’ आणि ‘नीवु’ या दोन पायऱ्या आहेत, त्या मला गल्लीत खेळता खेळताच आल्या होत्या. हिंदीच्या तीन मात्र ठेचा खाऊन शिकलो. अंकांचेही तसेच. वाण्याने “उन्यासी रुपये” म्हटले की कॉमर्सचा हा विद्यार्थी नोट पुढे करून गप्प उभा राही. उन्यासी म्हणजे आपले एकोणऐंशी, हे ध्यानात यायला आठवडा गेला.

आत्याची मराठी ऐकूनही मी चकित होई. चाळीस वर्षे तेथे राहून तिच्या वाक्यांना हिंदीचा सांधा लागला होता. “अरे, दूध उतू जाऊन राहिलंय, बघ ना,” असे ती म्हणे. मी एकदा हसलो. ती रागावली नाही. म्हणाली, “बाळ, इथे मराठी बोलायला कोणी उरलं नाही, तरी मी बोलते. तू चुका कसल्या मोजतोस?” मी काही बोललो नाही. पण ते वाक्य मनात राहिले.

आता मास्तरकीची हकीकत. वस्तीजवळच एका गृहस्थांचा खाजगी शिकवणी-वर्ग होता. सहावी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवायला त्यांना माणूस हवा होता. मी दक्षिणेकडचा म्हणून माझे इंग्रजी उत्तमच असणार, हे त्यांनी मला न विचारताच ठरवून टाकले. माझे सारे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे, इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना मी अजून कोश जवळ ठेवतो, हे मी त्यांना सांगितले नाही. पैशांची गरज होती आणि थोडा मोहही होता. पहिल्या दिवशी मुले उठून “गुड ईव्हनिंग, सर” म्हणाली, तेव्हा माझे पाय लटपटत होते.

मग शिकवायचे कसे? मी पाठपुस्तकाऐवजी मुलांच्या तोंडाकडे लक्ष देऊ लागलो. काही मुले ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ आणि ‘स्टेशन’ला ‘इस्टेशन’ म्हणत. शब्दाच्या आरंभी ‘स’ला दुसरे व्यंजन चिकटले की ते पेलावे म्हणून जीभ आधी ‘इ’चा टेकू घेते. आपल्याकडे कन्नड घरातली मुले बसला ‘बस्सु’ आणि कारला ‘कारु’ म्हणतात, कारण कन्नड शब्द बहुधा स्वरावर संपतो. म्हणजे तिकडे टेकू पुढे, इकडे मागे. आम्ही मराठीही काही साव नाही. इंग्रजीत ‘व’चे दोन उच्चार आहेत, एक दात ओठाला टेकवून आणि एक ओठांचा चंबू करून, आपण दोन्हींना एकाच ‘व’त कोंबतो. ही मुलांच्या बुद्धीची चूक नव्हे, जिभेची सवय आहे, हे कळल्यावर मी रागावणे सोडले. “आधी सापासारखा फूत्कार करा, मग कूल म्हणा,” असे सांगितले. वर्गभर साप फुसफुसू लागले आणि चार दिवसांत ‘इ’ गळून पडला.

दुसरी अडचण वाक्याच्या रचनेची. मराठी, हिंदी आणि कन्नड या तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते मध्ये घुसते. मी तीन मुलांना पुढे बोलावून ओळीने उभे केले. एक राम, दुसरा आंबा, तिसरा ‘खातो’. हिंदी वाक्य झाले की टाळी वाजवायची आणि शेवटच्या दोघांनी जागा बदलायच्या. इंग्रजी वाक्य तयार! तसेच ‘मेज पर’मधला ‘पर’ शब्दाच्या मागे लागतो, इंग्रजीतला ‘ऑन’ पुढे येतो. मी म्हणालो, “हिंदीची शेपटी इंग्रजीत शिंग होते.” मुलांना हे फार आवडले. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे मात्र आपल्या कोणत्याच भाषेत नाहीत, त्यामुळे ती कोठे घालायची हे मुलांना सुचेना. मलाही पुष्कळदा सुचत नाही, हे मी तेव्हा बोललो नाही.

बोलण्याची वेळ लवकरच आली. एके संध्याकाळी मी फळ्यावर लिहिले, “वुई डिस्कस्ड अबाउट द मॅच.” सातवीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर जी, किताब में ‘अबाउट’ नहीं है.” मी तिला बसवले. पुस्तकात चूक असेल, असेही म्हणालो. घरी येऊन कोश उघडला. चूक माझी होती. त्या क्रियापदाला ‘अबाउट’ लागतच नाही. मग मी असे का लिहिले? आपण मराठीत ‘सामन्याबद्दल चर्चा केली’ म्हणतो, हिंदीत ‘के बारे में’ आणि कन्नडात ‘बग्गे’. तिन्ही भाषांत हा ‘बद्दल’ आहे, म्हणून माझ्या इंग्रजीतही तो आला. ज्या सवयी मी मुलांच्या जिभेवर शोधत होतो, तीच माझ्या हातात होती.

त्या रात्री झोप लागली नाही. चुकीचे इंग्रजी याचे दुःख कमी; एका लहान मुलीला खोटे पाडले याचे जास्त. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तेच वाक्य लिहिले, ‘अबाउट’ खोडला आणि सांगितले, “कल मैं गलत था, यह सही थी.” चूक कशी झाली तेही तिन्ही भाषांतून समजावले. माझी शाळा मराठी होती हेही सांगून टाकले. वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो महिनाभरात तोंड उघडून एक इंग्रजी शब्द बोलला नव्हता, उभा राहून अडखळत एक वाक्य बोलला. त्यात तीन चुका होत्या. मला ते वाक्य अजून आठवते.

वर्गाच्या मालकांना हे आवडले नाही. मास्तरने मुलांसमोर चूक कबूल केली तर धाक कसा राहणार, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या महिन्याचे निम्मे पैसे कापले गेले. मला वाईट वाटले, पण वाजपेयींची एक गोष्ट आठवली. कानपूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात ते कायदा शिकायला गेले, तेव्हा त्यांचे शिक्षक वडीलही त्याच वर्गात विद्यार्थी म्हणून बसत असत. ज्याने आयुष्यभर शिकवले, त्याला मुलाच्या शेजारी शिकायला बसताना कमीपणा वाटला नाही. मग मला एक ‘अबाउट’ खोडताना का वाटावा? मी वर्ष संपेपर्यंत तेथेच शिकवले. त्या मुलीने परीक्षा झाल्यावर मला गजकचा पुडा आणून दिला. थंडीत मिळणारी ती तीळगुळाची मिठाई तिने उन्हाळ्यात कोठून पैदा केली, कोण जाणे!

आता मी परत आलो आहे. आमच्या वर्गात कन्नड माध्यमातून आलेला एक मित्र आहे. तो मराठी बोलताना “गाडी आलं” म्हणतो. पूर्वी आम्ही त्याला हसत असू. कन्नडात निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगीच असतात; गाडी ही ‘ती’ का आणि रस्ता हा ‘तो’ का, याचे उत्तर मराठीपाशी तरी कोठे आहे? मी कन्नड बोलताना जे घोटाळे करतो, ते तोही हसण्यावारी नेत नाही. या मासिकात त्याचा लेख कन्नड विभागात आहे आणि माझा मराठी विभागात. दोघांनी एकमेकांचे लेख वाचून दाखवायचे ठरवले आहे.

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. ज्याला परक्या भाषेत चुकण्याची वेळ आली आहे, तो दुसऱ्याच्या चुकीला सहसा हसत नाही. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरहून गायकी आणली. मी आत्याचा एक प्रश्न घेऊन आलो : “तू चुका कसल्या मोजतोस?”