चौकटीबाहेरचा आवाज

‘द लॉजर’ (१९२७) हा मूकपट करताना आल्फ्रेड हिचकॉकपुढे एक पेच होता. लंडनमध्ये तरुणींचे खून पडताहेत, एका घरात वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू राहायला आलाय, आणि खाली बसलेल्या घरमालकाच्या कुटुंबाला त्याच्या येरझाऱ्या ऐकू येताहेत. पण ऐकू येतंय हे दाखवायचं कसं? पडद्याला आवाजच नव्हता. हिचकॉकने जाड काचेची जमीन बनवून घेतली, आयव्हर नॉव्हेलो या नटाला तिच्यावर चालायला लावलं आणि कॅमेरा खालून रोखला. आधी झुंबर हलतं, मग छत पारदर्शक होतं आणि त्यातून दोन पावलं इकडून तिकडे जाताना दिसतात. युक्तीला दाद द्यावी अशीच ती आहे, पण त्या माध्यमात काय कमी होतं हेही तिने उघड केलं. भीती पावलांच्या आवाजात होती, पावलं दिसण्यात नव्हती. दोन-तीन वर्षांत बोलपट आले आणि या काचेचं काम संपलं. आता वर टाच वाजली आणि खालच्या माणसांनी माना वर केल्या की भागत होतं. छत मात्र अपारदर्शकच हवं होतं.

उत्कंठा म्हटली की अंधार, तिरका कॅमेरा आणि पार्श्वसंगीताचा दणका, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. म्हणजे कॅमेऱ्याने आणि ध्वनीने मिळून एकाच गोष्टीवर जोर द्यायचा. मला नेमकं उलटं म्हणायचं आहे. लोकप्रिय सिनेमात जीव टांगणीला लागतो तो डोळ्याला एक आणि कानाला दुसरंच सांगितलं जातं तेव्हा. कॅमेऱ्याला चौकट असते, चार कडांच्या पलीकडचं तो दाखवू शकत नाही. आवाजाला अशी कड नसते, तो मागून येतो, भिंतीपलीकडून येतो. हिचकॉकने फ्रान्स्वा त्र्युफोला दिलेल्या मुलाखतीतला टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला प्रसिद्ध आहे. प्रेक्षकाला पत्ता नसताना बॉम्ब फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आणि आधीपासून ठाऊक असेल तर पंधरा मिनिटांची घालमेल. सिनेमाच्या वर्गांत हा दाखला पुरेपूर उगाळून झालाय. पण प्रेक्षकाला ती माहिती डोळ्यावाटे मिळाली की कानावाटे, हा प्रश्न त्यात येत नाही, आणि माझ्या मते खरी कारागिरी तिथेच आहे.

फ्रिट्झ लांगचा ‘एम’ १९३१चा, त्याचा पहिला बोलपट. बर्लिनमध्ये लहान मुलांचा खुनी मोकाट आहे. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. खुनी आधी येतो तो सावली म्हणून, त्याला पकडून देणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर करणाऱ्या भित्तिपत्रकावर. मग येते त्याची शीळ, ग्रीगच्या ‘पीअर गिंट’मधली एक धून. इकडे एल्झी नावाच्या मुलीची आई जेवणाची वेळ टळून गेली म्हणून तिला हाका मारत असते. हाक ऐकू येते तेव्हा पडद्यावर मोकळा जिना असतो. पुन्हा हाक, आणि वाळत घातलेल्या कपड्यांचा ओस पोटमाळा. पुन्हा हाक, आणि टेबलावर मांडलेली रिकामी ताटली. मग हाका थांबतात, झुडपातून एक चेंडू घरंगळत येतो आणि तारांत अडकलेला फुगा दिसतो. आईचा आवाज ज्या ज्या जागी पोचतो तिथे मूल नाही, एवढंच लांग दाखवतो. पुढे खुन्याला ओळखतो तो फुगे विकणारा आंधळा, शिळेवरून. अख्ख्या शहराच्या डोळ्यांना जे जमलं नाही ते दोन कानांनी केलं.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो, की हे सगळं पटकथेचं श्रेय आहे, कॅमेरा आणि ध्वनी फक्त ती वाहून नेतात. याचा निवाडा करायचा तर कथा तीच, चित्रं तीच आणि आवाज तेवढा वेगळा, असा नमुना हवा. योगायोगाने तो आहे. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’चा (१९५८) पहिला शॉट तीन मिनिटांहून मोठा आणि सलग आहे. एक माणूस बॉम्बची वेळ लावतो, मोटारीच्या डिकीत ठेवतो आणि पळतो. मोटारीत एक जोडपं येऊन बसतं. क्रेनवरचा कॅमेरा छपरांवरून जात मेक्सिकोच्या सीमेवरच्या त्या गावात शिरतो. मोटार कधी रहदारीत अडकते, कधी चौकटीबाहेर जाते. दुसरं एक जोडपं पायी चाललंय, ते वारंवार तिच्या जवळ येतं. स्टुडिओने यावर श्रेयनामावली चढवली आणि हेन्री मँसिनीचं ठेकेबाज संगीत घातलं. वेल्सने स्टुडिओला ५८ पानी टिपण पाठवून आपलं म्हणणं मांडलं. त्याला तिथे गावाचेच आवाज हवे होते, म्हणजे प्रत्येक दारूगुत्त्यातून येणारं वेगळं संगीत आणि मोटारीतला रेडिओ. १९९८मध्ये वॉल्टर मर्च या संकलक-ध्वनिकाराने त्या टिपणाबरहुकूम चित्रपट नव्याने जुळवला.

दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहाव्यात. मँसिनीचं संगीत उत्तम आहे, पण ते सुरुवातीपासूनच ‘काहीतरी होणार’ म्हणत राहतं आणि सगळ्या गावावर एकसारखं पसरतं. मर्चच्या आवृत्तीत मोटार दिसेनाशी झाली तरी तिचा रेडिओ पुसट ऐकू येतो. तो वाढला की बॉम्ब जवळ आला, हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. पायी चाललेलं जोडपं हसत-बोलत असतं आणि आपण मात्र त्यांच्या मागच्या आवाजाकडे कान लावून बसतो. संवादातला एक शब्दही बदललेला नाही. श्रेय पटकथेचंच असतं, तर दोन्ही वेळा अनुभव सारखाच यायला हवा होता. शिवाय शेवट ठाऊक असलेला चित्रपट पुन्हा पाहतानाही छाती धडधडते, हे तत्त्वज्ञांनाही कोडं वाटत आलंय. नोएल कॅरल यांनी त्यावर बरंच लिहिलं आहे. त्यांचं उत्तर वेगळं आहे, पण मला वाटतं कथा आठवणीत राहिली तरी कान दर वेळी नव्यानेच ऐकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘जॉज’मध्ये (१९७५) जॉन विल्यम्सच्या दोन सुरांनीच तर जगाला घाबरवलं, मग पार्श्वसंगीताला दुय्यम कसं म्हणायचं? तसं मी म्हणतही नाही. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडत असल्याने स्पीलबर्गला तो दाखवणं परवडत नव्हतं. कॅमेरा पाण्याखालून पोहणाऱ्यांचे पाय बघत राहिला आणि शार्कची जागा त्या दोन सुरांनी घेतली. म्हणजे तिथे संगीत हेच चौकटीबाहेरचं पात्र झालं. त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. दोन मुलं पुठ्ठ्याचा पर लावून किनाऱ्यावर घबराट उडवतात, तेव्हा ते सूर वाजत नाहीत. संगीत खोटं बोलत नाही, अशी प्रेक्षकाची नकळत खात्री पटते. आणि मग नावेवरून नायक ब्रॉडी पाण्यात आमिष टाकत असताना शार्क कोणत्याही सुराविना थेट वर येतो. दोन सूर सगळीकडे सारखेच वाजले असते, तर हा विश्वासघात साधला नसता.

आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांनी उचलली ती नेमकी उलटी रीत. सुनेने दुधाचा पेला खाली ठेवला तरी विजेचा कडकडाट, आणि घरातल्या प्रत्येक चेहऱ्यावर तीन-तीनदा झूम. कानाला आणि डोळ्याला एकच निरोप, तोही पाच वेळा. लोक त्याला सवयीने हसतात, घाबरत कोणी नाही. ‘सायको’तल्या (१९६०) न्हाणीघरातल्या व्हायोलिनच्या किंकाळ्या मात्र मी या पंगतीत बसवणार नाही. हिचकॉकला तो प्रसंग आधी संगीताविना हवा होता, बर्नार्ड हरमनने ते सूर लिहिले आणि दिग्दर्शकाने मत बदललं. पण ते सूर चाकूबरोबरच येतात. तो धक्का आहे, उत्कंठा नव्हे. तीन वर्षांनी ‘द बर्ड्‌स’मध्ये त्याच हिचकॉकने रूढ पार्श्वसंगीत काढूनच टाकलं. पक्ष्यांचे आवाज बर्लिनच्या ओस्कर झालाने ट्राउटोनियम या विद्युतवाद्यावर घडवले. शाळेबाहेरच्या प्रसंगात मात्र तेही नाहीत. नायिका मेलनी बाकावर सिगारेट ओढत बसलीय, आतून मुलांचं संपता न संपणारं गाणं येतंय आणि तिच्या पाठीमागे खेळाच्या लोखंडी सांगाड्यावर कावळे जमताहेत, आधी एक, मग काही. मग कॅमेरा तिच्याच चेहऱ्यावर खिळतो, मागे बघायचं नाकारतो. गाणं चालूच. अखेर ती उडत्या कावळ्याचा माग काढत वळते, तेव्हा सांगाडा काळा झालेला असतो. आवाज निरागस, म्हणून चित्र असह्य.

गाणं आडवं आलं की रहस्य पातळ होतं, ही हिंदी सिनेमाची जुनी तक्रार. बी. आर. चोप्रांनी ‘कानून’ (१९६०) आणि यश चोप्रांनी ‘इत्तेफाक’ (१९६९) विनागाण्यांचे काढले, ते धाडसच होतं. पण दोष गाण्याचा नाही, गाणं कुठून येतंय याचा आहे. कमाल अमरोहींच्या ‘महल’मध्ये (१९४९) खेमचंद प्रकाशांनी लता मंगेशकरांना मायक्रोफोनपासून दूर उभं केलं आणि गात गात हळूहळू जवळ यायला सांगितलं. ‘आएगा आनेवाला’ची सुरुवात म्हणूनच हवेलीच्या कुठल्या तरी खोलीतून आल्यासारखी वाटते. जोसेफ वीरशिंगच्या कॅमेऱ्याला गाणारी सहज सापडत नाही, अशोककुमार आवाजामागे भटकतो. इथे गाणंच पाऊलवाट झालंय. मराठीत तर त्याआधी, १९३७च्या ‘कुंकू’त, शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वगळून घरातल्या-रस्त्यावरच्या आवाजांवरच चित्रपट उभा केला होता. तो रहस्यपट नव्हे, पण आवाजाने चित्राची री ओढलीच पाहिजे असं नाही, हे पुण्याच्या प्रभात स्टुडिओत तेव्हाच उमगलं होतं.

त्याच आवारात पुढे फिल्म इन्स्टिट्यूट झाली, आणि तिथे शिकलेल्या श्रीराम राघवन यांनी ‘अंधाधुन’ (२०१८) पुण्यातच घडवला. आकाश आंधळा असल्याचं सोंग करणारा पियानोवादक आहे, हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. सिमी नावाच्या बाईच्या फ्लॅटवर तो वाजवायला बसतो आणि त्याला जमिनीवर दोन पाय दिसतात. मृतदेह आहे. निमित्त काढून आत जातो, तर न्हाणीघरात मनोहर नावाचा माणूस पिस्तूल घेऊन उभा. परत येऊन तो पुन्हा वाजवू लागतो. मग सिमी आणि मनोहर खाणाखुणा करत, फरशी पुसत, प्रेत बॅगेत कोंबतात, आणि मधूनच सिमी मेलेल्या नवऱ्याशी बोलल्यासारखं बोलते. डोळे मिटून ऐकलं तर एका सुखी घरातली मैफल. आवाज बंद करून पाहिलं तर दोन खुनी आणि त्यांच्याकडे बघणारा एक माणूस. दोन्ही एकत्र आले की आपण चुकीच्या सुराची वाट बघू लागतो, कारण बोट अडखळलं तर सोंग उघडं पडेल. पियानो इथे पार्श्वसंगीत नाही, आकाशचा जबाब आहे, आणि तो खुन्यांच्या कानांसमोर चालू आहे. उत्तरार्धात कलाटण्यांची रेलचेल आहे. डॉक्टर, किडनी, फसवाफसवी, सगळं आहे. पण तिथे जे दिसतं तेच ऐकू येतं. पटकथा अधिक गुंतागुंतीची होते, आणि त्या फ्लॅटमधल्या मिनिटांची बरोबरी चित्रपटाला पुन्हा साधत नाही.