लशीची चाळणी आणि विषाणूची अक्षरे

लस यशस्वी ठरली की अयशस्वी, एवढाच प्रश्न विचारून थांबता येत नाही. ती कोणत्या विषाणूला अडवू शकली आणि कोणता विषाणू तिच्यातून निसटला, हेही विचारावे लागते. एचआयव्हीच्या संदर्भात तर हा प्रश्न अटळ आहे. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्या विकरात नाही. परिणामी एकाच माणसाच्या शरीरात त्याची अनेक रूपे नांदतात.

थायलंडमध्ये २००३ साली 'आरव्ही १४४' ही चाचणी सुरू झाली. १६,००० हून अधिक स्वयंसेवक तीत सहभागी झाले. २००९ साली निष्कर्ष आला : लस घेतलेल्यांपैकी ५१ जणांना, तर औषधी गुण नसलेली टोचणी घेतलेल्यांपैकी ७४ जणांना लागण झाली होती. परिणामकारकता सुमारे ३१ टक्के. परंतु ही सरासरी झाली. तिच्या आड काय दडले आहे?

इथे चाळणीची उपमा उपयोगी पडते. लशीच्या घडणीशी जुळणारे विषाणू अडतात, न जुळणारे निसटतात. म्हणून दोन्ही गटांतील बाधितांचे विषाणू शेजारी ठेवून पाहिले, तर चाळणीची छिद्रे कुठे आहेत याचा अंदाज येतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लसगटातील ४४ आणि दुसऱ्या गटातील ६६ जणांच्या विषाणूंचे असे वाचन केले गेले. विषाणूच्या आवरणातील प्रथिनाच्या 'व्ही२' भागात १६९ व्या आणि १८१ व्या स्थानी फरक आढळला. १६९ व्या स्थानी लशीशी जुळणाऱ्या विषाणूंविरुद्ध परिणामकारकता ४८ टक्के होती.

या प्रथिनात आठशेहून अधिक स्थाने आहेत. छापील तक्त्यात ती डोळ्यांखालून घालणे कठीण. म्हणून अमेरिकेतील सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातील संशोधकांनी २०१७ साली 'सिव्हसिफ्टर' हे संगणकीय साधन मांडले. अशा साधनात पाहणारा स्वतः स्थान निवडतो आणि तिथे कोणत्या गटात कोणते अमिनो आम्ल किती जणांत आढळले, हे पडताळून पाहतो.

मात्र सावध राहिले पाहिजे. शेकडो स्थाने धुंडाळली की काही फरक निव्वळ योगायोगानेही दिसतात. थायलंडच्याच लशीचा आराखडा 'सी' उपप्रकारासाठी बदलून दक्षिण आफ्रिकेत ५,४०७ जणांवर चाचणी झाली. लसगटात १२९, दुसऱ्या गटात १२३ जणांना लागण झाली आणि २०२० च्या फेब्रुवारीत लसीकरण थांबवावे लागले. भारतातही प्रामुख्याने हाच 'सी' उपप्रकार आढळतो; तेव्हा हे अपयश आपल्यापासून दूरचे नाही.

ही अक्षरे हजारो सामान्य माणसांनी दिलेल्या रक्तातून आली आहेत. त्यांची ओळख गुप्त राहिली पाहिजे. पण त्यांतून निघालेले ज्ञान मूठभर तज्ज्ञांपुरते राहता कामा नये. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ती वाचायला शिकावे. ज्याला आकडे वाचता येत नाहीत, त्याला दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष मुकाट्याने स्वीकारावा लागतो.