यात्रेचा नकाशा

गुरु सिंह राशीस गेला म्हणजे नाशिकास लोटणारा जनसमुदाय कांहीं अकस्मात् येत नाहीं. पर्वणीची तिथि पंचांगांत आधींच छापलेली असते. मात्र गर्दी कोणत्या वाटेनें येईल व कोठें तुंबेल, हें पंचांग सांगत नाहीं. तें नकाशाचें काम. २७ ऑगस्ट २००३ रोजीं रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गतप्राण झाले, तेव्हां या कामाची निकड कळून आली.

रस्त्यांची रुंदी, उतार, पूल, घाट, पाण्याचे नळ, शौचकूप व रुग्णालयें यांचे थर संगणकावर एकावर एक मांडावे. त्यांवर मोबाईलच्या मनोऱ्यांवरून कळणारी माणसांची दाटी दाखवावी. म्हणजे कोणती गल्ली केव्हां भरेल याचें अनुमान बांधतां येतें, व पूल कोठें हवा, नळ किती हवे, हेंही आधींच ठरवितां येतें. २०१५ च्या सिंहस्थांत पावलें मोजणारी चटई वाटेवर अंथरून माणसांची गणना करण्याचा प्रयोग नाशिकास झाला.

तथापि नकाशा ही सूचना होय, संरक्षण नव्हे. २९ जानेवारी २०२५ च्या मौनी अमावास्येस प्रयागराज येथें गर्दीवर कॅमेऱ्यांची नजर असतांही, सरकारी आंकड्याप्रमाणें ३० जण मृत्युमुखीं पडले. धोका दिसणें निराळें, वेळेवर वाट वळविणें निराळें.

म्हणून आमची कर्त्या मंडळींस विनंति आहे कीं, वृद्धांस पर्वणीस नेण्यापूर्वीं नेमून दिलेली परतीची वाट पाहून ठेवावी, आणि पोलिसांनीं थांबविल्यास थांबावें. मुहूर्त थोडा हुकला तरी चालेल. माणूस घरीं परतलें पाहिजे.