भूमिकाखेळातून स्थलांतराचे शिक्षण

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतील अनेक कुटुंबे संसार गाडीत भरून ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. त्याच सुमारास प्रवरा-गोदावरीकाठच्या बागायती भागात साखर कारखान्यांभोवती कोप्या उभ्या राहतात. गाव सोडणारेही आपल्याच जिल्ह्याचे आणि ज्यांच्या शिवारात तोडकरी उतरतात तेही आपल्याच जिल्ह्याचे. लोणी येथे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला सत्तर वर्षे उलटून गेली. तरीही कोपीतील मुलगी शाळेत का येत नाही, हा प्रश्न शेजारच्या वर्गातील विद्यार्थ्यांना क्वचितच पडतो.

या विषयावर भाषणे होतात, निबंध लिहिले जातात. त्यातून माहिती मिळते, थोडी कणवही वाटते. परंतु नुसत्या कणवेने कोणाला शाळेत प्रवेश मिळत नाही. म्हणून विद्यार्थ्यांकडून भूमिकाखेळ करून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

भूमिकाखेळ म्हणजे काय?

यात लिहिलेले संवाद नसतात, पाठांतर नसते आणि प्रेक्षकही नसतात. प्रत्येकाला एक भूमिका व एक परिस्थिती दिली जाते. पुढचे ज्याने त्याने सुचेल तसे बोलायचे. आपल्याला ही वाट अगदी परकी नाही. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या आंबेडकरी जलशांनी सवाल-जवाबातून खेडोपाडी प्रबोधन केले. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात एक पाऊल पुढे टाकले. अन्यायाचा प्रसंग मध्येच थांबवून प्रेक्षकांपैकी कोणीही उठावे, पात्राची जागा घ्यावी व वेगळा मार्ग करून पाहावा, ही त्यांची पद्धत. पश्चिम बंगालमध्ये 'जन संस्कृती' या संस्थेने ती ग्रामीण भागात रुजविली.

खेळाची मांडणी

तीस-चाळीस विद्यार्थी, एक मोठी खोली व दीड-दोन तास एवढे पुरे. खोलीत पाच टेबले मांडावीत: मुकादम, शेतमालकाची विहीर, रेशन दुकान, दवाखाना आणि शाळा. प्रत्येक टेबलामागे दोघे बसतील. उरलेल्यांची चार-चार जणांची कुटुंबे करावीत: नवरा, बायको, दहा वर्षांची मुलगी आणि तिचा तान्हा भाऊ. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या कामातून फिटते. ही गोष्ट खेळ सुरू होण्यापूर्वीच सांगावी.

टेबलामागे बसणाऱ्यांना त्यांच्या अडचणींची चिठ्ठी द्यावी. मुख्याध्यापकांच्या चिठ्ठीत असावे, 'वर्ग भरलेला आहे, ही मुले एप्रिलपूर्वी निघून जातील, दाखलाही आणलेला नाही.' विहीरमालकाच्या चिठ्ठीत असावे, 'पाणी माझ्याच पिकाला पुरत नाही.' कोणालाही दुष्ट ठरवू नये. मग कुटुंबांनी एकेका टेबलाकडे जावे.

खेळाचे खरे शिक्षण इथेच आहे. टेबलामागे बसलेल्याला आपला नकार लहान आणि रास्त वाटतो. पाचही नकारांची बेरीज कोणालाच दिसत नाही. ती फक्त एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे फिरणाऱ्या कुटुंबाला दिसते. शाळेने होकार दिला तरी तान्ह्या भावाला सांभाळणार कोण, हा प्रश्न उरतोच. आई पहाटे फडात गेलेली असते, म्हणून मुलगी कोपीवर थांबते. शाळेचे दार उघडण्यासाठी कधी कधी आधी पाळण्याची सोय लागते, हे इथे समजते.

दुसऱ्या फेरीत भूमिका बदलाव्यात आणि सर्वांना हक्कांची चिठ्ठी द्यावी. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो आणि शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. रेशनकार्ड गावाकडचे असले तरी 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेखाली दुसऱ्या ठिकाणच्या दुकानातून धान्य घेता येते. आई-वडील गेले तरी मुलांनी गावीच राहून शिकावे यासाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे. आता तेच प्रसंग पुन्हा करावेत. कोणते दार कायद्याने उघडते आणि कोणते केवळ शेजारधर्माने, हे विद्यार्थ्यांनी स्वतः फळ्यावर लिहावे.

घ्यावयाची काळजी

१९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील आयोवा राज्यातील शिक्षिका जेन इलियट यांनी तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एका गटाला सवलती दिल्या, दुसऱ्यावर बंधने घातली. मग अदलाबदल केली. कमी लेखलेली मुले अभ्यासातही मागे पडू लागली. हा धडा जगभर गाजला, परंतु लहान मुलांना अशा प्रकारे दुखवावे का, यावर टीकाही झाली. म्हणून आपल्या खेळात हा खेळ आहे हे सर्वांना आधी सांगावे आणि कोणालाही मध्येच थांबण्याची मुभा असावी.

वर्गात तोडकऱ्यांची मुले असतील तर त्यांना स्वतःचेच जिणे सर्वांपुढे करून दाखवायला लावू नये. त्यांची इच्छा असेल तर मुख्याध्यापकाची खुर्ची त्यांना द्यावी. जातिवाचक शब्द, बोलीची नक्कल, फाटक्या कपड्यांचे सोंग पूर्णपणे टाळावे. शेवटी प्रत्येकाने आपले खरे नाव सांगून भूमिका उतरवावी आणि निदान अर्धा तास चर्चा करावी. चर्चेवाचून हा खेळ नुसती करमणूक ठरतो.

सभासद बंधुभगिनींना व विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, गळीत हंगाम सुरू होताच हा खेळ घ्यावा. त्यानंतरच्या आठवड्यात जवळच्या कोप्यांवर जावे, शाळेच्या वयाची किती मुले आहेत हे पालकांना विचारून टिपावे आणि ती यादी घेऊन शिक्षकांना भेटावे. खोलीतल्या टेबलापुढे जे बोलण्याचा सराव झाला, ते खऱ्या टेबलापुढे बोलता आले पाहिजे.