‘द ब्ल्यू एंजल’ आणि ‘पिंजरा’ : अधःपाताचे रूपांतर

‘फिल्म न्वार’ ही संज्ञा फ्रेंच समीक्षक नीनो फ्रँक यांनी १९४६ मध्ये अमेरिकी गुन्हेपटांच्या संदर्भात योजली. या चित्रपटांतील छायाप्रकाशाची योजना आणि मोहवश पुरुषाचा अधःपात यांची पूर्वपीठिका मात्र जर्मन चित्रपटांत आढळते. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांचा ‘द ब्ल्यू एंजल’ (१९३०) हे तिचे ठळक उदाहरण होय. हाइनरिश मान यांच्या कादंबरीवर (१९०५) आधारलेल्या या चित्रपटाचे कथासूत्र व्ही. शांताराम यांनी ‘पिंजरा’ (१९७२) मध्ये तमाशाच्या परिसरात आणले. हे रूपांतर केवळ स्थलांतर आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

दोन्ही कृतींचा आरंभ समान आहे. इतरांना नर्तकीच्या प्रभावापासून वाचवू पाहणारा शिस्तप्रिय शिक्षक स्वतःच तिच्यात गुंततो. एमिल यानिंग्ज यांनी साकारलेला प्राध्यापक राट अखेर विदूषक होऊन आपल्याच शहरात रंगमंचावर उभा राहतो आणि जुन्या वर्गातील मेजाला कवटाळून मरतो. येथे माणूस व त्याची प्रतिष्ठा यांचा अंत एकत्रच होतो.

‘पिंजरा’त या दोहोंची फारकत होते. एका मृतदेहावर गुरुजींचे कपडे चढतात. गुरुजींचा खून झाला असे समजून गाव त्यांचा पुतळा उभारते. पुढे तमाशात वावरणारे गुरुजी स्वतःच्याच खुनाचे आरोपी ठरतात आणि फाशी स्वीकारतात. पण आपली ओळख सांगत नाहीत.

या बदलाचे मूळ शिक्षकाच्या सामाजिक स्थानात आहे. राटची प्रतिष्ठा पदाने दिलेली आहे; गुरुजींची प्रतिष्ठा गावाने घडविलेली आहे. जत्रेत तमाशाची कनात लागते आणि शाळामास्तरांना मानही असतो, अशा सुप्यासारख्या गावांच्या परिसरात हा संघर्ष वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शंकर पाटील यांचे संवाद आणि जगदीश खेबुडकर यांच्या लावण्या त्याला भाषिक अधिष्ठान देतात. लोला अखेरपर्यंत अविचल राहते, तर सूडाने पेटलेली चंद्रकला प्रेमापर्यंत येते. त्यामुळे दोषाचा भारही तिच्या एकटीवर राहत नाही.

तथापि गुरुजींचे मौन त्याग म्हणावे की प्रतारणा? चित्रपटाचा कल त्यागाकडे आहे. परंतु गावाची श्रद्धा असत्यावर उभी आहे, हे प्रेक्षक जाणतो. गाव जाणत नाही. आदर्श टिकविण्यासाठी माणूस नाहीसा व्हावा लागतो, हा ‘पिंजरा’चा मूळ कृतीत नसलेला आशय होय. म्हणूनच या रूपांतराचे मूल्य मूळ कृतीशी असलेल्या निष्ठेवरून नव्हे, तर या नव्या प्रश्नावरून ठरवावे लागते.