सुचणे, संभवणे आणि असणे : कृमिविवराची कथा व विज्ञान



जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने भौतिकशास्त्रातील विषयाला हात घालावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ‘कृमिविवर’ हा विषयच असा आहे, की त्याच्या एका मुखाशी गणित उभे आहे आणि दुसऱ्या मुखाशी कथा. कथेच्या मुखातून आत शिरण्याचा अधिकार साहित्याच्या अभ्यासकाला असावा, अशी माझी समजूत आहे. आत गेल्यावर तीन क्रियापदांचा दिवा हाती ठेवावा, एवढेच माझे म्हणणे : सुचणे, संभवणे आणि असणे. ही तिन्ही एकमेकांजवळ राहतात, पण ती एक नव्हेत.

प्रथम सुचण्याविषयी. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात सीतेच्या शोधासाठी निघालेले वानर तहानेने व्याकूळ होऊन ऋक्षबिल नावाच्या गुहेत शिरतात. दाट अंधारातून बरेच अंतर चालल्यावर त्यांना सुवर्णवृक्षांचे वन आणि स्वयंप्रभा नावाची तपस्विनी भेटते. सुग्रीवाने घालून दिलेली मुदत त्या बिळातच उलटून जाते. शेवटी स्वयंप्रभा त्यांना डोळे मिटायला सांगते. डोळे उघडतात तो वानर बाहेर आलेले असतात आणि नजरेसमोर महासागर असतो. एका मुखाने आत जावे, दुसऱ्याच ठिकाणी निघावे, मधल्या काळाचा हिशेब लागू नये, ही कल्पना आपल्या आदिकवीला सुचली होती. मात्र त्यामुळे वाल्मीकींना आधुनिक भौतिकशास्त्र ठाऊक होते, असे ठरत नाही. तसे म्हणण्यात आपण वाल्मीकींचा गौरव करीत नाही. त्यांचे कवित्व काढून घेऊन त्यांना उगाच गणिताच्या परीक्षेला बसवितो.

आता संभवण्याकडे वळू. आपल्या आमोण्याला मांडवी आहे आणि पलीकडे खांडोळे. पूल नसता तर वाहनाला दूरचा वळसा घालावा लागला असता. पुलामुळे नदी अरुंद होत नाही, की चालणाऱ्याचा वेग वाढत नाही. केवळ वाट आखूड होते. कृमिविवर म्हणजे अवकाशातील असा पूल. प्रकाशापेक्षा वेगाने कोणी धावू शकत नाही, हा नियम तेथे मोडत नाही. प्रवाशाला जवळची वाट मिळते, इतकेच. अशा वाटेची गरज का भासावी, हे एका आकड्याने कळेल. अभिजित हा तारा सुमारे २५ प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ साली पृथ्वीवरून निघालेले ‘व्हॉयेजर १’ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. या वेगाने अभिजितपर्यंतचे अंतर कापायला चार लाखांहून अधिक वर्षे लागतील.

आइनस्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार पदार्थ आणि ऊर्जा यांमुळे अवकाश-काल वक्र होतो. त्या वक्रतेलाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. १९३५ साली आइनस्टाइन आणि नेथन रोझेन यांना आपल्या समीकरणांत अवकाशाचे दोन भाग जोडणारा पूल आढळला. १९५७ साली चार्ल्स मिस्नर आणि जॉन व्हीलर यांनी अशा जोडमार्गांना ‘वर्महोल’ म्हटले. फळाच्या सालीवरून चालणाऱ्या मुंगीला पलीकडे जायला अर्धा वळसा पडतो. गर पोखरून जाणारा किडा थेट पोहोचतो. म्हणून मराठीत ‘कृमिविवर’. नाव पडले, पण वाट खुली झाली नाही. १९६२ साली व्हीलर आणि रॉबर्ट फुलर यांनी दाखवून दिले, की असा पूल प्रकाशाचा किरण पार होण्याच्या आतच मिटतो.

येथे कथेने विज्ञानाचे दार ठोठावले. कार्ल सेगन आपल्या ‘कॉन्टॅक्ट’ या कादंबरीत नायिकेला कृष्णविवराच्या मार्गाने अभिजितकडे पाठवीत होते. हे शास्त्राला धरून आहे काय, असे त्यांनी १९८५ साली आपले मित्र किप थॉर्न यांना विचारले. कृष्णविवरात शिरलेला परत येत नाही, तेव्हा कृमिविवर वापरावे, असे थॉर्न यांनी सुचविले आणि स्वतः गणित मांडले. त्यातून १९८८ साली थॉर्न आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल मॉरिस यांचा निबंध निघाला. तो भौतिकशास्त्राच्या अध्यापनाला वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकात आला आणि सापेक्षता शिकविण्याचे साधन म्हणूनच लेखकांनी तो मांडला होता. एका कादंबरीकाराच्या प्रश्नातून वर्गात शिकविण्याचा पाठ तयार व्हावा, ही घटना शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्या निबंधाचे उत्तर ‘होय, परंतु’ असे होते, आणि सारा विषय त्या ‘परंतु’त आहे. कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली एक समीकरण दिले. त्याचा एक अर्थ असा, की नेहमीच्या पदार्थाचे गुरुत्वाकर्षण प्रकाशकिरणांच्या जुडग्याला एकत्र आणते. कृमिविवरात नेमके उलट घडावे लागते. एका मुखातून आत जाताना जवळ येणारे किरण दुसऱ्या मुखातून निघताना पुन्हा फाकले पाहिजेत. त्यासाठी विवराच्या गळ्याशी ऋण ऊर्जेचा पदार्थ हवा. ऋण ऊर्जा ही निव्वळ कविकल्पना नव्हे. डच शास्त्रज्ञ हेंड्रिक कासिमिर यांनी १९४८ साली वर्तविलेल्या परिणामात, अगदी जवळ ठेवलेल्या दोन धातुपट्ट्यांमधील ऊर्जा शून्याखाली जाते. पण ती अतिशय अल्प असते. माणूस जाऊ शकेल एवढे विवर उघडे ठेवण्याइतकी ऋण ऊर्जा कोठून आणावी, हे कोणालाही सांगता आलेले नाही.

या प्रश्नाला पुण्यातूनही हात लागला आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील नरेश दधीच, खरगपूरच्या आयआयटीतील सायन कर आणि न्यूझीलंडचे मॅट व्हिसर यांनी २००३ साली दाखविले, की गणितात अशा अपवादात्मक पदार्थाचे एकूण प्रमाण हवे तितके कमी करता येते. तथापि ते शून्यावर आणता येत नाही. अट सैल झाली, सुटली नाही.

‘आयुका’चे नाव आले, की डॉ. जयंत नारळीकरांचे स्मरण होतेच. डिसेंबर १९८७ मध्ये गोव्यात गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनाशास्त्र यांवरील आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्या निबंधसंग्रहाच्या संपादकांत ते होते. त्याआधी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये, हा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. विज्ञानकथेत कल्पनेला मोकळीक असावी, पण तिने विज्ञानाची शिस्त सोडू नये, ही दृष्टी त्यांनी मराठी वाचकाला दिली.

त्यांनी ती कथा लिहिली तेव्हा कृष्णविवर हे बहुतांशी ‘संभवणे’ या पायरीवर होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतील लायगो या यंत्रांनी टिपल्या. एप्रिल २०१९ मध्ये साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरील कृष्णविवराच्या छायेचे चित्र जगाने पाहिले. कृष्णविवर ‘असणे’ या पायरीवर आले. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोचे भारतीय केंद्र उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे, तेव्हा ही पायरी आता मराठी मुलखापर्यंत येऊ घातली आहे. कृमिविवर मात्र दुसऱ्या पायरीवरच थांबले आहे. त्याचा एकही पुरावा आजवर मिळालेला नाही.

हे सांगण्याची निकड वाटते, कारण पडदा फार प्रभावी असतो. २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’ या चित्रपटात शनीजवळ एक कृमिविवर दिसते. ते भोकासारखे नसून गोळ्यासारखे दिसते, आणि तेच योग्य आहे. कागदावरील भोकाची कड वर्तुळ असते. तीन मितींच्या अवकाशातील मुख गोलच दिसणार. त्या चित्रणामागे थॉर्न यांचे गणित होते, आणि त्यावरील निबंध २०१५ साली त्याच अध्यापनविषयक नियतकालिकात आला. थॉर्न यांना २०१७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, पण तो गुरुत्वीय लहरींसाठी, कृमिविवरासाठी नव्हे. इतके रेखीव चित्र पाहिलेला मुलगा ‘हे आहेच’ असे धरून चालतो, आणि त्याचे आजोबा ‘हे आपल्या पुराणात होतेच’ म्हणतात. दोघांनीही मधली पायरी गाळलेली असते. एकाने संभवण्याला असणे मानले, दुसऱ्याने सुचण्याला.

यात नुकसान दोन्हीकडचे आहे. स्वयंप्रभेच्या गुहेतील अंधार, वानरांची तहान, मुदत उलटल्याची भीती, हे सारे पुरावा म्हणून वाचले की त्यातील काव्य सुकते. आणि विज्ञानाला आधीच सारे ठाऊक होते असे मानले, की प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. सेगन यांनी आपल्या कल्पनेवर विश्वास टाकून स्वस्थ न बसता जाणत्याला विचारले. म्हणून शास्त्र पुढे गेले.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, त्यांचे ऋण या शाळेतल्या मुलांना एक प्रश्न विचारू देऊनच फिटेल. तो प्रश्न मराठीत एका शब्दाचा आहे : कशावरून? मुलांनी मुक्तपणे कल्पना करावी, चिकाटीने गणित करावे, आणि पुरावा हाती येईपर्यंत ‘आहे’ हे क्रियापद जपून वापरावे.